पाळण्यांचा सूड, आणि त्यानंतर

मॉन्ट्रियलच्या दलोरिमिए स्टेडियममध्ये एरवी बेसबॉलचे सामने होत. २३ जुलै १९३९ च्या रविवारी मात्र त्या मैदानात १०५ जोडपी लग्नाला उभी होती आणि आसपास हजारोंचा जनसमुदाय होता. तरुण कॅथलिक कामगारांच्या संघटनेने हा सामुदायिक विवाह भरवला होता. वधूवर कामगार वस्त्यांतले, मंदीच्या वर्षांत पोळलेले. संघटनेने त्यांची लग्नाआधी रीतसर तयारी करून घेतली होती: संसार कसा करायचा, पैसा कसा पुरवायचा, एकमेकांशी कसे वागायचे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी या सोहळ्याची छायाचित्रे छापली. कॅनडातला क्वेबेक हा फ्रेंचभाषक प्रांत तेव्हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत भाविक मुलूख समजला जाई, आणि ते दृश्य त्या समजुतीला साजेसेच होते.

तीस वर्षांनी याच प्रांतात चर्चमध्ये पाऊल न ठेवता लग्न करण्याची सोय कायद्याने झालेली होती. आणखी तीस-चाळीस वर्षांनी तिथली निम्म्याहून अधिक मुले लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मू लागली. कोणतेही युद्ध नाही, परकी आक्रमण नाही, पाद्र्यांची धरपकड नाही. एका पिढीत एका समाजाने आपला धर्म बाजूला ठेवला. श्रद्धा आटली की जन्मदराचे, संस्कृतीचे आणि शेजारधर्माचे काय होते, हे पाहायचे तर क्वेबेकइतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र ते दिसते तितके सरळ नाही.

हरलेल्यांचे चर्च

१७५९ साली क्वेबेक शहराबाहेरच्या पठारावर इंग्रजांनी फ्रेंचांना हरवले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने वसाहत इंग्रजांकडे गेली. फ्रेंच अधिकारी आणि बडे व्यापारी जहाजांत बसून मायदेशी परतले. मागे राहिले सुमारे साठ-सत्तर हजार लोक, बहुतेक शेतकरी, आणि त्यांचे धर्मगुरू. दक्षिणेकडच्या अमेरिकन वसाहती तेव्हा बंडाच्या पवित्र्यात होत्या. या नव्या फ्रेंच प्रजेने तरी शांत राहावे म्हणून लंडनने १७७४ साली क्वेबेक कायदा केला. कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि धर्मगुरूंना पिकाचा धर्मभाग वसूल करण्याचा हक्क कायम राहिला. राजा गेला, सैन्य गेले, व्यापार इंग्रजांच्या हाती गेला. फ्रेंच बोलणाऱ्यांची म्हणावी अशी एकच मोठी संस्था उरली, ती म्हणजे चर्च.

१८३७-३८ मध्ये 'पात्रिओत' मंडळींनी इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड केले. चर्चचे वरिष्ठ सत्तेच्या बाजूने राहिले. बंड चिरडले गेले, आणि चौकशीसाठी लंडनने पाठवलेल्या लॉर्ड डरहॅम यांनी १८३९ च्या अहवालात या लोकांना इंग्रजी समाजात विरघळवून टाकण्याची शिफारस केली. राजकारणाची वाट बंद झालेल्या समाजाला आसरा दिला तो पुन्हा चर्चनेच. १८४० ते १८७६ या काळात मॉन्ट्रियलचे बिशप असलेल्या इन्यास बूर्जे यांनी फ्रान्सहून धर्मसंघ आणले, शाळा, अनाथालये, इस्पितळे उभी केली. त्यांचा हात किती लांब पोहोचत होता हे जोझेफ गिबोर या मुद्रकाच्या मृत्यूने दाखवले. गिबोर बिशपांना नको असलेल्या एका ग्रंथालय-मंडळाचा सभासद होता. १८६९ साली तो वारला तेव्हा चर्चने त्याला पवित्र भूमीत पुरू दिले नाही. त्याच्या विधवेची बाजू घेऊन मंडळाचे लोक थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि जिंकले. अखेर १८७५ मध्ये सैन्याच्या पहाऱ्यात दफन झाले आणि शवपेटीवर सिमेंट ओतावे लागले. त्यावरही बूर्जे यांनी ती जागाच अपवित्र ठरवली.

माणूस जन्मल्यापासून पुरला जाईपर्यंत पॅरिशच्या हद्दीत राही. वसईचे ख्रिस्ती ज्याला धर्मग्राम म्हणतात तेच हे पॅरिश. जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद पॅरिशच्या वहीत होई, आणि तीच सरकारी नोंद. ही पद्धत बदलायला १९९४ साल उजाडावे लागले. शाळेत नन शिकवत, इस्पितळात नन शुश्रूषा करत. क्वेबेक शहरातले 'ओतेल-द्यू' हे इस्पितळ तर १६३९ पासून नन चालवत होत्या. आल्फाँस देझार्दँ यांनी १९०० साली लेव्ही गावात पहिली सहकारी पतपेढी काढली, ती चळवळही पॅरिशागणिक पसरली आणि ठिकठिकाणच्या धर्मगुरूंनीच तिला हात दिला. तेव्हा रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, जाणे ही केवळ श्रद्धेची बाब नव्हती. गावात असण्याचीच ती खूण होती.

पाळण्यांचा हिशेब

या समाजाकडे तोफा नव्हत्या, भांडवल नव्हते. मुले होती. लोकसंख्याशास्त्रज्ञ जाक आँरिपँ यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: दोनशे वर्षांत जगाची लोकसंख्या तिप्पट झाली, युरोपीय वंशाच्या लोकांची चौपट, आणि फ्रेंच कॅनेडियनांची ऐंशी पट. हे सुद्धा, १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख माणसे पोटासाठी न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांकडे निघून गेली असताना. १९१८ साली जेझुइट धर्मगुरू लुई लालाँद यांनी आपल्या व्याख्यानाला 'पाळण्यांचा सूड' असे नाव दिले. रणांगणावर गमावलेले घराघरांतल्या पाळण्यांतून परत मिळवायचे, हा त्याचा अर्थ. शब्द लोकांच्या तोंडी बसला.

सूड समाजाचा होता, बाळंतपणे मात्र बायकांची होती. वर्षाकाठी धर्मगुरू घरोघर फेरी मारी, आणि पाळणा रिकामा दिसला तर विचारणा होई. पापनिवेदनाच्या वेळी 'कुटुंब अडवल्याचे' कबूल करणाऱ्या बाईला पापक्षमा नाकारली जाण्याची भीती असे, आणि पापक्षमा नाही म्हणजे पुढल्या रविवारी साऱ्या गावासमोर प्रसाद घ्यायला उठता येणार नाही. क्वेबेकमध्ये बायकांना प्रांतिक निवडणुकीत मत मिळाले ते १९४० साली, कॅनडातल्या बाकी प्रांतांनंतर कितीतरी वर्षांनी, आणि तेही कार्डिनल व्हिलनव्ह यांचा विरोध असताना. सक्तीचे शिक्षण आले १९४३ मध्ये.

तरीही बायका गप्प राहून आपले गणित करत होत्या. दहा-बारा मुलांचे घर हे क्वेबेकचे चित्र म्हणून जगभर गेले, पण सगळी घरे तशी नव्हती. अनेक बायका अविवाहित राहत, हजारो नन होत, आणि शहरातल्या जोडप्यांनी पाळणे लांबवण्याचे मार्ग केव्हाच शोधलेले होते. १९३० च्या सुमारास क्वेबेकचा जननदर कॅनडाच्या सरासरीहून बराच वर होता. १९६० उजाडेपर्यंत हा फरक जवळजवळ मिटला होता. तेव्हा दोन्हीकडे एका बाईमागे चारच्या आसपास मुले होती, कारण युद्धानंतरच्या भरभराटीत सगळ्या उत्तर अमेरिकेतच पाळणे हलत होते. म्हणजे मिस्सेला गर्दी होत असतानाच पाळण्यांचा सूड संपला होता.

या बदलाला चर्चच्याच अंगणात जागा मिळाली, हे विशेष. स्टेडियममधली लग्ने लावणाऱ्या कॅथलिक तरुण संघटनेने पुढच्या वर्षांत लग्नपूर्व वर्ग सर्वत्र चालवले. नवराबायकोचे प्रेम आणि सोबत हे लग्नाचे मोल आहे, मुले जाणून-विचारून व्हावीत, असे तिथे तरुण-तरुणी ऐकू लागली. १९५५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या लाशीनमध्ये एका श्रद्धाळू जोडप्याने 'सेरेना' नावाची संस्था काढली. चर्चला मान्य असलेल्या नैसर्गिक पद्धतीने पाळणा कसा लांबवावा, हे जोडपीच इतर जोडप्यांना शिकवत. पुढे ज्यांनी चर्च सोडले त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या मनाने ठरवण्याची सवय आधी चर्चच्याच वर्गांत लागली होती.

शांत क्रांती

त्या काळच्या राजकारणावर सावली होती मॉरिस द्युप्लेसी यांची. १९३६ ते ३९ आणि पुन्हा १९४४ पासून १९५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते प्रांताचे मुख्यमंत्री होते. १९३६ साली त्यांनी विधिमंडळाच्या सभागृहात अध्यक्षांच्या आसनाच्या वर क्रूस लावला. चर्चने शाळा-इस्पितळे सांभाळावीत, सरकारने अनुदान द्यावे, आणि मतदाराने दोघांचेही ऐकावे, असा हा व्यवहार होता. त्याची काळी बाजूही होती. अनाथालयांतल्या अनेक धडधाकट मुलांना मनोरुग्ण ठरवले गेले, कारण मनोरुग्णालयाला मिळणारे अनुदान अधिक होते. ही मुले पुढे 'द्युप्लेसींची अनाथ मुले' म्हणून ओळखली गेली.

तडे आतूनच जात होते. १९४८ मध्ये चित्रकार पॉल-एमिल बोर्दुआ आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी 'रेफ्यु ग्लोबाल' हा जाहीरनामा काढला. प्रती जेमतेम चारशे, पण धर्मसत्तेला दिलेला तो सरळ नकार होता. बोर्दुआंची शिक्षकाची नोकरी गेली. १९४९ च्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणकामगारांच्या संपात मॉन्ट्रियलचे आर्चबिशप जोझेफ शार्बोनो कामगारांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांना पद सोडून हजारो किलोमीटर दूर, व्हिक्टोरियाला जावे लागले. १९६० मध्ये एका धर्मबंधूने टोपणनावाने लिहिलेले शिक्षणव्यवस्थेवरचे टीकात्मक पुस्तक लाखाच्या वर खपले. त्या समाजात हा आकडा अद्भुतच होता.

२२ जून १९६० ला जाँ लसाज यांचा लिबरल पक्ष निवडून आला आणि सहा वर्षांत प्रांत ओळखू येईनासा झाला. १९६१ मध्ये सरकारी खर्चाने इस्पितळाची सोय झाली. 'आपल्या घरचे मालक आपणच' ही घोषणा देऊन १९६२ ची निवडणूक लढवली गेली, आणि मंत्री रने लेव्हेक यांच्या पुढाकाराने खाजगी वीज कंपन्या सरकारने विकत घेतल्या. १९६४ मध्ये शिक्षणखाते स्थापन झाले. १८७५ नंतर प्रांताला असे खातेच नव्हते. त्याच वर्षी विधिमंडळातल्या पहिल्या महिला सदस्य मारी-क्लेअर किर्कलँड यांनी आणलेल्या कायद्याने विवाहितेला नवऱ्याच्या सहीशिवाय व्यवहार करता येऊ लागले. या साऱ्याला 'शांत क्रांती' म्हणतात.

या क्रांतीत चर्च लढले नाही. शिक्षणखाते हवे असे सांगणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष आल्फाँस-मारी पारां स्वतः धर्मगुरू होते. नव्या शाळांची संख्या आणि नव्या इस्पितळांचा खर्च धर्मसंघांच्या आवाक्याबाहेर गेला होता, हे त्यांनाही दिसत होते. सरकारने एकेक जबाबदारी उचलली, चर्चने एकेक किल्ली दिली. शिक्षिका आणि परिचारिका होण्यासाठी आता नन होण्याची गरज उरली नाही. हुशार मुलीला कॉन्व्हेंटखेरीज दुसरी वाट मिळाली, आणि नवीन येणाऱ्यांचा ओघ काही वर्षांतच आटला.

मग माणसे निघाली. दशकभरात मॉन्ट्रियलमधली मिस्सेची हजेरी जवळपास निम्म्यावर आली. १९५० पासून रोज संध्याकाळी सात वाजता रेडिओवर रोझरीची प्रार्थना लागे आणि घरोघर कुटुंबे गुडघे टेकत. तो कार्यक्रम सुरू करणारे कार्डिनल पॉल-एमिल लेजे १९६७ मध्ये पद सोडून कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी कॅमेरूनला गेले. पुढल्या वर्षी, जुलै १९६८ मध्ये, पोपनी गर्भनिरोधक गोळीला नकार देणारे परिपत्रक काढले. विवाह म्हणजे प्रेम हे चर्चच्याच वर्गांत शिकलेल्या बायकांना आता निवड करावी लागली. त्यांनी पोपशी वाद घातला नाही. त्या पापनिवेदनाला यायच्या बंद झाल्या. आईने चर्च सोडले तसे मुलांचेही सुटले.

१९५९ साली प्रांतात सुमारे १ लाख ४४ हजार बाळे जन्मली होती. १९७२ पर्यंत हा आकडा ९० हजारांच्या खाली आला. लोकसंख्या टिकवायला लागणाऱ्या २.१ च्या रेषेखाली क्वेबेक १९७० च्या सुमारास उतरले आणि १९८७ मध्ये १.४ च्याही खाली जाऊन कॅनडाच्या तळाशी पोहोचले.

भाषेला आलेला देवाचा मान

पाळणे थंडावले तेव्हा उरलेल्या समाजाला धसका बसला. कॅथलिक म्हणून वेगळे राहण्याचे दिवस गेले. मग इंग्रजीच्या समुद्रात फ्रेंच म्हणून टिकायचे कसे? उत्तर मिळाले भाषेत. २८ ऑगस्ट १९६८ ला मिशेल त्रांब्ले यांचे 'ले बेल-सर' हे नाटक मॉन्ट्रियलच्या रंगभूमीवर आले. स्वयंपाकघरात जमलेल्या पंधरा कामगार बायका, आणि तोंडी पुस्तकी फ्रेंच नव्हे तर गल्लीतली बोली. या बायका रेडिओवरच्या प्रार्थनेलाही गुडघे टेकतात, आणि त्यांचे दबलेले आयुष्य त्यांच्या तोंडून बाहेर पडत राहते. ज्यांच्या पोटातून 'सूड' उगवायचा होता त्यांना अखेर स्वतःचा आवाज मिळाला, आणि तो श्लोकासारखा नव्हता, शिव्याशापांचा होता.

ऑगस्ट १९७७ मध्ये, आता मुख्यमंत्री झालेल्या लेव्हेक यांच्या सरकारने १०१ क्रमांकाचा भाषाकायदा केला. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच जावे लागेल, असे त्याने ठरवले. पूर्वी इटालियन किंवा ग्रीक कुटुंबे मुलांना इंग्रजी शाळेत घालत. आता हैती, व्हिएतनाम, लेबनॉन, अल्जीरिया इथून आलेली मुले फ्रेंच बोलत मोठी होऊ लागली. जो वंश पाळण्याने वाढायचा तो आता वर्गाने वाढू लागला. त्याच वर्षी २४ जूनचा सेंट जॉनचा सण अधिकृत 'राष्ट्रीय सण' झाला. संताची मिरवणूक गेली, निळेपांढरे झेंडे आणि गाण्यांच्या मैफली आल्या.

पाळण्याचे कामही सरकारने हाती घेऊन पाहिले. १९८८ मध्ये प्रत्येक बाळामागे रोख बक्षीस सुरू झाले, आणि काही वर्षांत तिसऱ्या बाळासाठी ते ८,००० डॉलरपर्यंत गेले. १९९७ मध्ये ते बंद करून मंत्री पोलीन मारवा यांनी दिवसाला पाच डॉलरचे पाळणाघर आणले, २००६ मध्ये सढळ प्रसूती-रजा आली. जननदर २००८ च्या सुमारास १.७ च्या वर गेला, मग पुन्हा उतरला आणि आता १.४ च्या खाली आहे. पण गंमत अशी की धर्मापासून अधिक दुरावलेले क्वेबेक गेली कित्येक वर्षे शेजारच्या ओंटारिओच्या पुढे राहिले आहे. पाळणाघर जवळ असणे पापाच्या भीतीइतके जोरकस नसेल, पण त्याने फरक पडला.

इथे महाराष्ट्र आणि गोव्याचे आकडे शेजारी ठेवले तर मुद्दा स्पष्ट होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ निघाला आणि गोव्याचा १.३. ना पंढरीची वारी रोडावली, ना गोव्यातली फेस्तं. शिकलेली बाई, शहरातले भाडे, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आणि हाताशी असलेली साधने, एवढ्यावर जननदर घसरतो. देव असला तरी घसरतो. क्वेबेकमध्ये श्रद्धा आटल्याने घसरण वेगाने झाली, एवढेच म्हणता येईल.

ज्याला वारस मिळाला नाही

मग श्रद्धेबरोबर गेले काय? २०२१ च्या जनगणनेत क्वेबेकमधल्या ५४ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले. २००१ मध्ये हे प्रमाण ८३ टक्के होते. प्रांतातली ४३ टक्के जोडपी लग्नाशिवाय एकत्र राहतात. २००३ च्या मोजणीत तिथे सुमारे २,७५० प्रार्थनास्थळे होती. त्यांतली शेकडो तेव्हापासून बंद झाली, विकली गेली किंवा पाडली गेली. क्वेबेक शहरातल्या एका चर्चमध्ये सर्कशीची शाळा भरते, सेंट एलिझाबेथ-द-वॉरविक गावातल्या चर्चमध्ये चीज पिकवतात. मॉन्ट्रियलमध्ये ज्या चर्चमध्ये अजून गर्दी असते तिथे बहुधा हैती, फिलिपिन्स आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे असतात.

द्युप्लेसींनी लावलेला क्रूस मात्र विधिमंडळाच्या सभागृहात तसाच होता. बिशपांपेक्षा आमदारांनाच तो हवासा वाटे, 'आपला वारसा' म्हणून. जून २०१९ मध्ये सरकारी शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धर्मचिन्हे वापरू नयेत असा २१ क्रमांकाचा कायदा झाला. हिजाब आणि पगडी काढायला सांगणाऱ्या सभागृहात क्रूस ठेवणे अवघड झाले आणि जुलैमध्ये तो उतरवला गेला. ज्या पिढीने स्वतः चर्च सोडले तिला दुसऱ्यांची श्रद्धा खुपते, याला त्या पिढीच्या आठवणी कारण आहेत. पण त्याची किंमत मोजते ती वर्गात शिकवणारी मुसलमान तरुणी, जिने क्वेबेकच्या चर्चचा जाच कधी पाहिलेला नाही.

श्रद्धा गेली की समाज कोसळतो असे म्हणणाऱ्यांना १९७० नंतर वाढत गेलेले आत्महत्यांचे प्रमाण दाखवता येते. १९९९ मध्ये ते शिखरावर होते. मात्र त्यानंतर ते लक्षणीय उतरले, आणि चर्च भरले म्हणून नव्हे. इस्पितळे चालू आहेत, शाळा चालू आहेत, फ्रेंच भाषा जिवंत आहे. म्हणजे 'कोसळले' हा शब्द खोटा आहे.

खरा हिशेब असा: पॅरिश तीन कामे करत होते. समाज टिकवणे, माणसांची सेवा करणे, आणि माणसांना एकत्र आणणे. पहिले काम भाषाकायद्याने उचलले आणि दुसरे सरकारने. दोघांनीही ते पाद्र्यांपेक्षा बरे केले, कारण पापाची भीती घातल्याविना केले. तिसऱ्या कामाला वारस मिळाला नाही. कामगार आणि दुकानदार, म्हातारा आणि तान्हे मूल यांना आठवड्यातून एकदा एका छपराखाली बसवणारे कार्यालय कोणत्याही सरकारला उघडता आलेले नाही. म्हणून श्रद्धा गेल्याबद्दल हळहळणाऱ्यांनी जन्मदराचे आकडे पुढे करू नयेत, आणि श्रद्धा गेल्याबद्दल आनंदणाऱ्यांनी शाळा-इस्पितळांकडे बोट दाखवून थांबू नये. देवाशिवाय राज्य चालते, भाषा जगते, मुलेही होतात, थोडी कमी. शेजार मात्र आपोआप होत नाही. तो कुणीतरी दर आठवड्याला मुद्दाम भरवावा लागतो.